जाळीचं तेल

जाळीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात धूळ नेहमी जास्त बसे. बाकीच्या भागावर ती दुधावरच्या सायीसारखी पातळ पसरलेली असायची, त्या कोपऱ्यात मात्र तिचा दाट, लोकरीसारखा पट्टा तयार व्हायचा. यंत्रातला पंखा अगदी मध्यावर नव्हता, थोडा डावीकडे होता. तिकडून हवा जोराने ओढली जाई आणि धूळही तिकडेच गोळा होई. चंद्रावतीने हे पहिल्या महिन्यातच हेरलं होतं. धुळीचा रंगही दिवसांप्रमाणे बदले. पावसाळ्यात ती करडी आणि ओलसर असे, दिवाळीनंतर रस्त्यावरच्या मातीची तांबूस, आणि काजू भाजायच्या दिवसांत काळी नि चिकट. आता मे महिना होता. वाडीमागच्या भट्ट्या पेटलेल्या होत्या, आणि चंद्रावतीच्या हातातली जाळी तव्याच्या बुडासारखी दिसत होती.

जाळी होती तिच्या वडिलांच्या खोलीतल्या एअर कंडिशनरची. मालवणात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. पुष्कळ घरांत अजून कंदीलच होते. अशा वेळी दाजी केळूसकरांच्या घरात, म्हणजे ज्याने सारी हयात होडीवर काढली त्या तांडेलाच्या घरात, मुंबईच्या हाफिसातलं थंड हवेचं यंत्र यावं याचं वाडीला मोठं नवल वाटलं होतं. दाजींना उतारवयात दमा जडला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, धूर आणि धूळ यांपासून जपा. चुलीचा धूर, काजूच्या भट्ट्यांचा धूर, वाळत घातलेल्या मासळीची भुकटी, हे सगळं ज्या वाडीत बारा महिने हवेत तरंगतं तिथं माणसाला कसं जपायचं, हे काही डॉक्टरांनी सांगितलं नाही. ते रविकांतने ठरवलं. चंद्रावतीचा हा थोरला भाऊ मुंबईत अशीच यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होता. कुठल्याशा हाफिसाने जुनं यंत्र काढून नवं बसवलं, ते जुनं रविकांतने पदरात पाडून घेतलं आणि आगबोटीने मालवणला आणलं. बंदरातून घरापर्यंत ते होडीवरच्या धोंडूने आणि आणखी तिघांनी बांबूला बांधून खांद्यावरून आणलं, तेव्हा दाजींची बहीण सुगंधाआते ओसरीवरून म्हणाली होती, "अरे, पालखी आसा काय तिरडी आसा, ता तरी आदी सांगा. म्हणजे हळदकुंकू हाडूचा काय मडक्यातलो इस्तो, ता माका कळात."

खोलीला फळ्यांचं तक्तपोशी छत झालं, खिडक्यांच्या फटी बुजवल्या, आणि भिंतीतल्या भोकात ते यंत्र घोगऱ्या आवाजात घरघरायला लागलं. त्या संध्याकाळी रविकांत बहिणीला म्हणाला, "आता तू मोकळी झालंस गो चंद्रा. बापाशीक ह्या म्हशीन सांभाळतला."

चंद्रावती कोल्हापूरला मामाकडे राहून रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली होती. परत आली तेव्हा आई आजारी होती. आई गेली आणि दाजींची धाप सुरू झाली. मालवणच्या शाळेत विज्ञानाला आधीच एक मास्तर होते आणि ते निवृत्त व्हायला पुष्कळ अवकाश होता. स्थळं आली ती तिच्या शिक्षणाला बिचकून परत गेली. एकदोन बिचकली नाहीत, त्यांना दाजींनी नको म्हटलं. अशी वर्षं गेली. भाऊ "मोकळी झालंस" म्हणाला तेव्हा तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. यंत्रांच्या बाबतीत तो सहसा चुकत नसे.

मोकळं होणं राहिलं बाजूला, तिच्या गळ्यात जाळी पडली.

यंत्राबरोबर आलेली पहिली जाळी पुठ्ठ्याच्या चौकटीत काचेची लोकर भरलेली होती. ती धुवायची नसते, मळली की फेकून नवी घालायची. नव्या मुंबईहून यायच्या, आणि पावसाळ्यात आगबोट बंद. पहिल्याच श्रावणात लोकर कोळशासारखी झाली, तेव्हा चंद्रावतीने तिच्या जागी मांजरपाटाचा तुकडा ताणून बसवला. मांजरपाटाची वीण घट्ट. हवाच आत जाईना. आतल्या नळ्यांवर बर्फाचा थर चढला आणि मग तो वितळून भिंतीवरून पाणी गळू लागलं. दाजी खाटेवरून बघत म्हणाले, "म्हशिनीक घाम इलो गो. तेकाय बिचाऱ्याक उकाडता." पुढच्या खेपेला रविकांतने स्पंजाचा पातळ तुकडा पाठवला. तो धुता येई, पण खाऱ्या, दमट हवेत वर्षाच्या आत त्याचा भुगा व्हायला लागला, आणि त्याआधीच त्यावर बुरशी आली. जी हवा गाळायची तिच्यातच बुरशी सोडणारी गाळणी काय कामाची? शेवटी तिने भावाला स्पष्ट कळवलं: अॅल्युमिनियमच्या तारांची, चार पदरी जाळी पाठव. तिची भोकं मोठी, पण पातळ तेलाचा हात फिरवला की धूळ त्या तेलाला चिकटते आणि हवा अडत नाही.

तशी जाळी आली, सोबत यंत्राच्या तेलाचा लहानसा डबा आला, आणि दर आठवड्याचं एक काम ठरून गेलं. यंत्र बंद करायचं, जाळी काढायची, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवायची, पाणी मागच्या अंगाने ओतायचं, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने बाहेर पडते. अंगणातल्या विहिरीचं पाणी मचूळ. त्याने धातूवर पांढरी भुकटी धरते. म्हणून शेवटचं पाणी वरच्या वाडीतल्या गोड्या विहिरीचं. मग सावलीत वाळवायची, चिंधीने तेल लावायचं, कागदावर ठेवून जास्तीचं निथळू द्यायचं आणि बसवायची. यात अवघड काहीच नव्हतं. पण एकदा चंद्रावती करते म्हटल्यावर ते तिचंच झालं. घरातल्या बाईने केलेलं काम दुसऱ्यांदा केलं की तो तिचा धर्म होतो.

गेल्या वर्षी याच सुमाराला वैभववाडीला नव्या निघालेल्या हायस्कूलसाठी विज्ञानाचं माणूस हवं असल्याचं तिला कळलं. ती मुलाखतीला गेली. घाटाखालचं ते गाव लांबचं, एस.टी. कणकवलीला बदलावी लागे. एक रात्र हेडमास्तरांच्या घरी काढून दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने ती परत येणार होती. निघण्याआधी तिने जाळी धुतली, तेल लावलं, बसवली, आणि आतेला सांगितलं, "मी येयसर तेका हात लावू नकात."

मुलाखत चांगली झाली. हेडमास्तर म्हणाले, "जूनमध्ये रुजू व्हा. प्रयोगशाळा म्हणजे सध्या एक कपाट आहे, पण ते तुमचं." येताना एस.टी.त तिने त्या कपाटाचे कप्पेसुद्धा मनात लावून टाकले होते. आम्लं खाली, काचेची भांडी वर.

घराच्या पाणंदीत शिरताच तिला वास आला. उग्र, करपट, घशात नखासारखा रुतणारा. काजूच्या टरफलाचं तेल. किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. होडीच्या लाकडाला कीड लागू नये, जाळ्याचं सूत कुजू नये म्हणून ते फासतात. कातडीवर पडलं तर फोड उठवतं. पण तो वास घरातून येत होता. आते बाजारात गेलेली, दाजींच्या खोलीचं दार लावलेलं, यंत्र चालू. दाजी खाटेवर उकिडवे बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, चेहरा काळानिळा, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि छाती नुसती उचलतेय, हवा आत जातच नाही. चंद्रावतीने यंत्राचं झाकण ओढलं. जाळी गडद तपकिरी, ओली, चमकत होती. यंत्र त्या तेलावरून हवा ओढून पुन्हा पुन्हा त्याच बंद खोलीत सोडत होतं.

धोंडूने दाजींना उचलून ओसरीवर आणलं. धोंडू म्हणजे दाजींच्या होडीवरचा जुना गडी. मागच्या अंगणातल्या खोपीत राहायचा. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली. पहिली रात्र सगळ्यांनी दाजींच्या छातीकडे बघत काढली. दाजी वाचले, पण नंतर कितीतरी दिवस त्यांच्या मानेवर पुरळ होतं आणि बोलताना मध्येच शब्द तुटायचा.

बोलायला लागल्यावर ते म्हणाले, "जाळां सुका दिसला माका. म्हटलंय, चेडू घरात नाय, आपण लावया वायच तेल. आमी जाळ्याक ताच तेल लावतो. माका काय म्हायत, हेचा जाळां येगळा!"

रविकांत मुंबईहून धावत आला. बाप उठून बसलेला बघून त्याची भीती हसण्यावर गेली. ओसरीवर जमलेल्या माणसांना तो म्हणाला, "ऐकलात? आमच्या बापाशीन म्हशीनीक होडी समाजल्यान. तेल लावल्यान, आता नारळ फोडून दर्यात ढकलूचा ठेवला इतकाच." सगळे हसले. दाजीही हसले, खोकत. मग आत, स्वयंपाकघरात, रविकांत बहिणीला हळू आवाजात म्हणाला, "ता जाव दे. पण तू एक दीस घर सोडलंस आणि काय झाला बघ. म्हाताऱ्याक अक्कल नाय, तुका आसा ना? घरात म्हशीन ठेवन तू गावाक जातंस?"

चंद्रावतीलाही तेच वाटत होतं. कुठलं तेल लावायचं हे तिने दाजींना कधी सांगितलंच नव्हतं. मुलांना शिकवायला निघालेल्या बाईने घरातल्या म्हाताऱ्याला एवढी साधी गोष्ट शिकवली नव्हती. तिने वैभववाडीला नकार कळवला. त्या वर्षभरात तिने दाजींना समजेल अशा शब्दांत, तिसरीच्या मुलाला सांगावं तसं सांगितलं, की तेल तेलात फरक असतो. एक नुसतं चिकट असतं, दुसऱ्यातून डोळ्यांना न दिसणारी वाफ निघते, ती छातीत जाते. दाजी मान डोलवायचे. "असा काय?" म्हणायचे. "आमका अडाण्यांक कोण सांगतलो गो ह्या?"

आणि आता पुन्हा मे. वैभववाडीचा पुन्हा निरोप आला होता. तिच्या जागी नेमलेले मास्तर टिकले नव्हते. हेडमास्तरांनी मालवणला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून विचारलं होतं, तुम्ही येता का, की यंदाही घरची अडचण आहे? चंद्रावतीने त्या माणसाला चहा दिला आणि चार दिवसांत कळवते म्हणून सांगितलं. उत्तर तिला ठाऊक होतं. रोज जाळीकडे बघताना ते तिच्यासमोर येई.

तर ती त्या सकाळी विहिरीवर जाळी धूत होती. वीज गेली होती, यंत्र मुकं झालं होतं, म्हणून दाजी ओसरीवर आरामखुर्चीत येऊन बसले होते. मागच्या अंगणात होडी ओंडक्यांवर चढवलेली होती. पावसाळ्यासाठी तिला माडाच्या झापांनी शाकारून टाकायच्या आधी तेल द्यायचं असतं, आणि तिथेच माडांना बांधून जाळ्यालाही तेलाचा हात. धोंडू काजूच्या तेलाची हंडी घेऊन बसला होता.

"धोंडू, मेल्या," दाजींचा आवाज आला. धाप होती, तरी होडीवरून हाक मारायची जुनी धार त्यात होती. "वाऱ्याच्या तोंडार बसलंस तो? वरल्या अंगान बस. तुझ्या नाकात जाता सगळा."

"बसलंय, बसलंय." धोंडूने हंडी सरकवली. "दाजी, आभाळ इलासा दिसता. जाळां तेलून झाला की खोपीत टांगतंय."

"खोपीत? आणि तू निजतलंस खंय?"

"खंय म्हणजे? थंयच. मथुरा आसा, पोर आसा."

दाजी खुर्चीतून उठले. गेल्या कित्येक महिन्यांत ते असे एका झटक्यात उठले नव्हते. खांबाला धरून ते पायरीपर्यंत आले.

"पिसो झालंस काय रे तू? तेल लावलेल्या जाळ्याखाली कोण निजता? बाळंतीण बायल, तान्या पोर, आणि तू थंय जाळां टांगतलंस? भायर टांग. माडाक टांग."

"पाऊस इलो तर?"

"भिजांदेत. जाळां परत तेलूक गावता, पोर खंय गावतला?" ते दम घ्यायला थांबले. "आमच्या बापाशीचो भाव, जगन्नाथकाको, असोच. पावसाच्या भियान जाळां घरात घेतल्यान आणि दार लावून निजलो. सकाळी उचलून भायर काढलो. जिवंत होतो, पण परत कधी होडयेर चडाक नाय; चार पावलां चल्लो की बसा. त्या दिसापासून केळूसकरांच्या घरात तेलाचा जाळां कोणी उंबऱ्याच्या आत हाडूक नाय. मी इतकोसो होतंय, माझ्या बापाशीन माका कानाक धरून सांगल्यान. आणि तू माका पाऊस सांगतंस."

"बरा, बरा. माडाक टांगतंय," धोंडू म्हणाला. "इतक्या आराडतास कशाक? परत धाप लागात, मगे चंद्रा माका खायत."

चंद्रावतीचे हात पाण्यात होते. रिठ्याचा फेस जाळीच्या भोकांतून वर येत होता आणि काळं पाणी घंगाळाच्या कडेने फिरत होतं. तिने जाळी बाहेर काढली नाही. दाजींनी वळून विहिरीकडे पाहिलं नाही. ती तिथे आहे हे त्यांच्या ध्यानात नसावं, माडांची आड होती. ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

एखाद्या शंकेचा उलगडा होतो तेव्हा माणसाला बरं वाटायला हवं. पण चंद्रावतीला शंका नव्हतीच. वर्षभर तिने एक गोष्ट सिद्ध झालेली समजून तिच्यावर बाकी सगळं उभं केलं होतं: बाप अडाणी, म्हणून चूक झाली. तो पायाच आता हातात निघून आला होता.

तरी तिने घाई केली नाही. जाळी पूर्ण धुतली. गोड्या पाण्याची कळशी ओतली. जाळी गोठ्याच्या सावलीत उभी करून ती धोंडूकडे गेली.

"धोंडू, गेल्या वर्सा दाजींका तेल कोणी दिल्यान?"

"मीच. आणखी कोण देतलो?" धोंडूने वर न बघता सांगितलं. "पडवेच्या खांबाक वाळवी लागली म्हणालो. मी म्हटलंय मी लावतंय, तर नको म्हणालो. वाटीभर हाड आणि जा. माका काय म्हायत तो म्हशीनीक घालतलो! मगे रविकांतान हसान हसान घर डोक्यार घेतल्यान, तेव्हा मीव हसलंय. पण खरा सांगू? माका तेव्हाच वाटला होता, दाजी आणि ही चूक?"

"मगे बोललंस कशाक नाय?"

"मालक स्वताक येडो म्हणता, तर मी तेका शाणो म्हणू?"

 मग तिने विचारलं, "कधी मागल्यान तेल? मी गेलंय त्या दिसा?"

"नाय गो. तू येवच्या दिसा. जेवन झाल्यार. म्हणालो, चंद्रा दोपारच्या गाडयेन येतली, तेच्या आदी काम होवक व्हया."

दुपारची गाडी. म्हणजे ती पाणंदीत शिरेपर्यंत तेल जाळीवर किती वेळ असेल याचा त्यांनी अंदाज बांधला होता. भरती कधी, ओहोटी कधी, वारा केव्हा फिरेल, याचे अंदाज बांधण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या दिवशी गाडीला कणकवलीला उशीर झाला होता. अंदाज तेवढ्यापुरता चुकला.

घरात आली तेव्हा सुगंधाआते सुके बांगडे निवडत होती. चंद्रावती तिच्यासमोर पाटावर बसली आणि म्हणाली, "आते, तुका जाळी धुवक शिकवतंय."

आतेने तिच्याकडे नीट बघितलं. मग हातातला बांगडा टोपलीत टाकला. "शिकवतलंस काय त्यात? जल्मभर माशे धुतलंय, जाळी धुवक येवची नाय? खवले काडूचे नसतत ना तिका?"

"नाय. पण पाणी मागच्या अंगान ओतूचा. आणि शेवटचा पाणी गोड्या बावडेचा."

"आणि तेल?"

"तेल कपाटात आसा. लाल डबो. दुसरा खंयचाच नाय."

"दुसरा कोण लावता," आते म्हणाली आणि पुन्हा बांगड्यांकडे वळली. जरा वेळाने मान वर न करता तिने विचारलं, "वैभववाडीक थंडी खूप पडता काय गो? घाटाखालचा गाव."

चंद्रावती लाल डबा घेऊन गोठ्याकडे गेली. आतेला उत्तराची गरज नव्हती.

संध्याकाळी वीज आली. दाजी खोलीत जाऊन खाटेवर टेकले होते. चंद्रावती वाळलेली, तेलाचा हात दिलेली जाळी घेऊन आत आली. वाड्याच्या बैठकीत लावतात तसली शोभेची वस्तू असावी तसं त्या यंत्राकडे गावातली माणसं अजूनही बघायची. तिला त्याचा प्रत्येक स्क्रू ठाऊक होता. तिने जाळी खाचेत सरकवली, झाकण लावलं आणि बटण दाबलं. आधी घरघर, मग एक थरथर, मग संथ आवाज. थंड हवेचा झोत दाजींच्या मांडीवरच्या पंच्याचं टोक हलवू लागला.

"बरा वाटता," दाजी म्हणाले. "तू लावलंस की हवा येगळीच येता." थोड्या वेळाने: "तो वैभववाडीचो माणूस इल्लो ना? काय म्हणत होतो?"

"जागा रिकामी झाली म्हणत होतो. येतंस काय म्हणून विचारल्यानी."

"बघ बाय. तुजा तू बघ." ते खोकले. खोकला खरा होता. दमा खोटा नव्हताच कधी. "मी काय, माझा म्हशीन आसा. फक्त ह्या जाळ्यातला माका कळना नाय. परत कायतरी करून बसान. आमी आपले अडाणी..."

"दाजी," चंद्रावती म्हणाली, "जगन्नाथकाको दार लावून निजलो होतो ना?"

दाजींचा हात पंच्यावर होता. तो तिथंच राहिला. बाहेर सुगंधाआते चुलीत फुंकर घालत होती, तिचा आवाज येत होता. यंत्र एका सुरात चाललं होतं.

 तिला वाटलं होतं ते रागावतील, किंवा कसला जगन्नाथ म्हणून विचारतील. तसं केलं असतं तर तिला सोपं झालं असतं. पण दाजींनी फक्त भिंतीकडे तोंड केलं. गावभर एक वर्ष ज्याच्यावर माणसं हसली, मुलगा हसला, जो स्वतः त्यांच्यात मिसळून हसला, तो तांडेल आता हसत नव्हता.

"मराचा नव्हता माका," ते भिंतीला म्हणाले. "वायच धाप लागली असती. तू ईलंस की दार उगडूचा होता. गाडी येळार येता रोज."

"त्या दिसा नाय इली."

"नाय इली."

मग ते म्हणाले, "रविकांत मुंबयक गेलो. तुझी आवस गेली. होडयेर चडाक जमना नाय. तू थंय पोरांका शिकवत बसतलंस, आणि मी हंय ह्या पेटयेत. मासो बर्फात ठेवतत तसो." त्यांनी मान वळवली. डोळे कोरडे होते. "जाळां आसा म्हणान तू होतंस. जाळां नसता तर कदीच गेली असतंस."

चंद्रावतीला या क्षणी त्यांची दया यायला हवी होती आणि ती आलीही. पण ती जाळीवरच्या धुळीसारखी होती. बसली आणि तिथंच अडली, पलीकडे गेली नाही. तिला आठवलं, ती त्यांना वाफ म्हणजे काय ते समजावून सांगत असे तेव्हा ते कसे मान डोलवायचे. "असा काय?" म्हणायचे. आणि ती अधिक सोपं करून सांगायची.

"आतेक दाखवलंय सगळा," ती म्हणाली. "ती धुयतली जाळी. तेल लाल डब्यातला. धोंडू गोडा पाणी हाडून देतलो."

दाजी उठून बसले. छाती वर आली, खाली गेली. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही, आणि या खेपेला तो धापेमुळे आला नाही की दुसऱ्या कशामुळे, हे तिने बघितलं नाही. ती दाराशी गेली. दाराची कडी तिने वर सरकवली आणि दार सताड उघडं ठेवलं, थंड हवा बाहेर जात असतानाही.

"मी वैभववाडीक जातंय, दाजी."